तीन फुटाला दोन बोटं

"भट्टी मी बांधून देतो," असं मोहनराव बनकर म्हणाले तेव्हा त्यांच्या तोंडात मेथीच्या भाजीचा घास होता, त्यामुळं पहिल्यांदा ते कुणाला नीट कळलंच नाही. मग त्यांनी घास गिळला, वर पाणी प्याले आणि पुन्हा म्हणाले. अकलेचा माणूस घास गिळता गिळता विचार बदलतो. पण मोहनराव पाटबंधारे खात्यात सव्वीस वर्षं कालवा निरीक्षक होते, आणि एकदा सोडलेलं पाणी मागं घ्यायची त्या खात्यात पद्धत नाही.

झालं होतं असं, की त्यांचा एकुलता एक मुलगा अविराज पुण्याला हॉटेलचं शिक्षण पुरं करून बारामतीला घरी आला होता आणि त्याच्या मागोमाग एक पत्र आलं होतं. परदेशी प्रवाशांच्या जहाजावर स्वयंपाकाची नोकरी. दोन वर्षं समुद्रात. एक तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवा. पोराच्या मनात जहाज नव्हतं. त्याच्या मनात होता भिगवणला हायवेच्या कडेला एक गाळा, आणि त्यात पिझ्झा. "लोक माशासाठी गाड्या थांबवतात, तर पिझ्झासाठी का नाही थांबणार?" असं त्याचं म्हणणं. पण पिझ्झा लाकडाच्या भट्टीतला पाहिजे, विजेवरचा तो करणार नाही, आणि तसली भट्टी तर जिल्ह्यात कुठं बघायला मिळत नाही. "मग जातो जहाजावर," असं तो भाकरी मोडत म्हणाला.

आता कुठलाही बाप अशा वेळी सरळ म्हणेल, की बाबा रे, जाऊ नकोस. मोहनरावांची अडचण अशी होती, की पोरानं बारावीला चांगले मार्क पाडून इंजिनिअरिंग सोडलं आणि हॉटेलचा कोर्स धरला, तेव्हा ते "करा काय करायचं ते" असं म्हणून बसले होते. ज्यानं एकदा असं म्हटलं त्यानं चार वर्षांनी "राहा" कसं म्हणायचं? शेवटी माणसाला काही इभ्रत असते. म्हणून ते भट्टी बांधतो म्हणाले.

अविराजनं मोडलेली भाकरी ताटात ठेवली. "आप्पा, खरंच?"

"मी काय थट्टा करतोय?"

पोरानं रात्रीत कागदावर नकाशा काढला. त्याला दहा दिवस पुण्यात काम होतं, होस्टेल सोडायचं होतं आणि जहाजवाल्यांची डॉक्टरी तपासणीही तिथंच होती. जाताना तो म्हणाला, "आप्पा, तुम्ही तळ तेवढा करून ठेवा. घुमटाचं मी आल्यावर बघतो. ह्या भट्टीत सगळी मदार तळावर असते. तळ जमला तर मी भिगवण बघतो. नाही जमला तर आपलं जहाज आहेच."

एस्टी सुटली. पोराच्या आई फुलाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "जमेल ना हो?"

"तीन फूट बाय तीन फुटाची फरशी आहे, फुले. मी पंचवीस मैलाचा कालवा सांभाळतो," मोहनराव म्हणाले. हे वाक्य पुढं त्यांना फार महागात पडलं.

नकाशाप्रमाणं तळाला भाजक्या पांढऱ्या फायरब्रिक पाहिजे होत्या, बत्तीस. असल्या विटा साखर कारखान्याच्या बॉयलरला असतात आणि जुन्या काढल्या की मागं ढीग पडलेला असतो, हे तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मोहनराव ओळखीच्या एका कारखान्यात गेले. ढीग होता. तिथला स्टोअरकीपर ओळखीचा होता. त्यानं चहाही पाजला. आणि मग म्हणाला, "साबूत वीट गेटच्या भाईर जाणार न्हाय. साबूत वीट म्हंजी मालमत्ता, तिला लिलाव लागतो. फुटकी वीट म्हंजी राडारोडा. राडारोडा कवाबी न्या."

"मग फुटक्याच द्या."

"फुटक्या न्हाईत ना! सगळ्या साबूत निघाल्यात."

दुसरा कुणी असता तर चिडला असता. पण मोहनरावांच्या मनात त्या माणसाबद्दल आदर दाटून आला. इतका स्वच्छ नियम त्यांनी खुद्द आपल्या खात्यातही फार दिवसांत ऐकला नव्हता. दोघं सरकारी वळणाची माणसं, दोघांनी अर्धा तास विचार केला आणि वाट काढली. वॉचमनला हातोडा घेऊन बोलावलं. तो प्रत्येक विटेचा एकेक कोपरा उडवायचा, स्टोअरकीपर "फुटकी" असं मोठ्यानं म्हणायचा आणि मोहनराव वहीत रेघ मारायचे. चौतीस विटा घेतल्या होत्या. त्यातल्या दोन वॉचमनच्या उत्साहात खरोखरच फुटल्या. उरलेल्या बत्तीस, राडारोडा म्हणून, सन्मानानं बाहेर पडल्या.

विटांच्या खाली वाळू, आणि वाळूत रिकाम्या काचेच्या बाटल्या आडव्या निजवायच्या, असं नकाशात लिहिलं होतं. बाटलीत कोंडलेली हवा म्हणे आच खाली उतरू देत नाही. चाळीस बाटल्या. आता मोहनराव असा माणूस, की ज्यानं जन्मात सुपारी खाल्ली नाही. लग्नात पानाचा विडा पुढं आला तरी ते दोन्ही हात मागं घेतात. पण पोराचा प्रश्न होता. भिगवणला गाळा बघायला जायचंच होतं, तेव्हा जाता जाता माशाच्या खानावळींच्या मागं उभं राहून, मान खाली घालून, त्यांनी दोन पोती बाटल्या गोळा केल्या आणि बारामतीच्या एस्टीत पायापाशी ठेवल्या.

रस्त्यात जितके खड्डे तितक्या वेळा पोती बोलत होती. तिसऱ्या खड्ड्याला पुढच्या सीटवरचं डोकं मागं वळलं. ते डोकं धोंडाबाईंचं होतं. धोंडाबाई म्हणजे शेजारच्या रामहरीतात्यांच्या मंडळी, आणि रामहरीतात्या म्हणजे रिटायर तलाठी. तात्यांनी हयातभर लोकांच्या सातबाऱ्यात डोकावून बघितलं होतं, बाईंना ती सवय लग्नातून मिळाली होती.

"भावजी, पोत्यात काय वो?"

मोहनरावांना खोटं बोलता येत नाही. "बाटल्या."

"कसल्या?"

"रिकाम्या."

इथं चुकलं. भरलेल्या म्हणाले असते तर कुणासाठी तरी नेतायत असं वाटलं असतं. रिकाम्या म्हटल्यावर त्या कुणी रिकाम्या केल्या हा प्रश्न उरला, आणि धोंडाबाईंनी तो बारामतीच्या स्टँडवर उतरायच्या आत सोडवला.

संध्याकाळपर्यंत कॉलनीत झालं, की पोरगा चालला जहाजावर म्हणून मोहनरावांनी बाटली धरली. माणसं भेटायला येऊ लागली. कुणी पाठीवर हात ठेवायचं, कुणी नुसतं "चालायचंच" म्हणून चहा पिऊन जायचं. रामहरीतात्या तर कंपाउंडवरून वाकून म्हणाले, "मोहनराव, मी बी तुमच्या वयात तपकिरीच्या नादी लागलो हुतो. सुटती. मन खंबीर पायजे."

"अहो तात्या, त्या भट्टीसाठी आणल्यात."

"तेच म्हणतो मी," तात्या आणखी हळू आवाजात म्हणाले. "घरात भट्टी नका लावू. पोलीस लई वाईट."

धोंडाबाईंनी फुलाबाईंना मागच्या दारानं एक पुडी दिली. चहातनं द्यायची, माणसाला कळतसुद्धा नाही आणि आठ दिवसांत सुटते. ती पुडी आपण दिली नाही असं फुलाबाई आजही शपथेवर सांगतात. एवढं मात्र खरं, की दुसऱ्या दिवशी मोहनरावांना ऑफिसातनं तीन वेळा घरी धावत यावं लागलं, आणि त्यांनी बाटल्यांकडं बघून "ह्यांच्या नुसत्या वासानंच असं होतं, लोक पितात कशी?" असं म्हटलं.

असो. माल जमला. राहिला गवंडी.

शेळगावचे म्हस्कूआबा हे कॉलनीचे वतनदार गवंडी. साठीचे, काटक, डोक्याला मुंडासं. वाडवडलांनी मेंढरं राखली, म्हस्कूआबांनी थापी धरली. कॉलनीतल्या सगळ्या न्हाणीघरांच्या फरश्या त्यांच्या हातच्या, आणि त्यांचं एकच सांगणं असे, "माज्या हातची येक तरी मोरी तुंबल्याली दावा. मिशी काढून दीन." फरशी कुठलीही असो, स्वयंपाकघराची, गोठ्याची, देवळाची, तिला ढाळ पाहिजे, म्हणजे एका अंगाला उतार पाहिजे आणि पाणी आपल्या पायानं निघून गेलं पाहिजे. पाणी थांबलं म्हणजे गवंड्याच्या तोंडात शेण.

त्यांनी अविराजचा नकाशा हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला. "सायेब, ह्यात ढाळ कुटं दावलाय?"

मोहनराव हसले. अडाणी माणसाला समजून घेताना शहाणा हसतो तसे. "आबा, नकाशात ढाळ डोळ्यांना दिसत नसतो. आमच्या कालव्याच्या नकाशात तरी कुठं दिसतो? पण असतो. तो आपण समजून घ्यायचा."

झालं. सव्वीस वर्षं पाणी उतारावरून नेणारा एक आणि चाळीस वर्षं पाणी उतारावरून घालवणारा दुसरा, अशी दोन माणसं मागच्या अंगणात भट्टीसाठी घातलेल्या ओट्यापाशी उभी होती. दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही, की जगात बिनढाळाची फरशी असू शकते. वाद झाला तो ढाळ कुठल्या बाजूला, एवढाच.

मोहनराव म्हणाले, तोंडाकडं. म्हस्कूआबा म्हणाले, तोंडाकडं मोरी कुणी केल्याली बघितली का, मागच्या अंगाला. तेवढ्यात कंपाउंडवर रामहरीतात्यांचं डोकं उगवलं. तात्यांनी नुकतंच वास्तुशास्त्राचं पुस्तक आणलं होतं आणि त्यापायी स्वतःच्या घरातला संडास दोनदा हलवला होता. "ईशान्य!" ते ओरडले. "पाणी ईशान्येला गेलं तर लक्ष्मी टिकती. पोरगं बी टिकंल घरात."

पोराचं नाव निघालं आणि मोहनरावांनी वाद सोडला. ईशान्य ठरली. ईशान्येला नेमकी तात्यांची भिंत येत होती, पण शास्त्रापुढं तात्यांनी मोठं मन केलं. "सोडा माज्या हद्दीत. भट्टीचं पाणी ते किती आसंल?"

या तिघांच्या चर्चेला दोन तास लागले. पाणी कुठं जाईल याचा विचार तिघांनी केला. ते येणार कुठून हा प्रश्न एकीनंच विचारला, आणि ती चहा घेऊन आलेली होती, त्यामुळं तो कुणी मनावर घेतला नाही.

"अहो, पण भट्टीत पाणी कुठनं येतंय?" फुलाबाईंनी विचारलं.

"धुताना!" तिघंही एकदम म्हणाले.

"भट्टी धुत्यात व्हय?"

"वैनी, राख व्हनार, त्याल सांडनार, मग धुवायला नगं?" म्हस्कूआबांनी समजूत घातली. "चुलीला सारवता का न्हाय? तसंच हाय हे."

"तू चहा ठेव आणि जा," मोहनराव म्हणाले. "ह्यात तुला कळायचं नाही."

काम सुरू झालं. वाळूत बाटल्या निजवल्या. विटांचे उडवलेले कोपरे म्हस्कूआबांनी खालच्या अंगाला घेतले आणि वरून त्या अशा घासल्या, की वाटी ठेवली तर घसरावी. ढाळ किती, तर तीन फुटाला दोन बोटं. ईशान्येच्या कोपऱ्यात दोन इंची पाइप, तो भिंतीतून पलीकडं तात्यांच्या अंगणात, आणि पाइपच्या तोंडावर पितळेची जाळी. ही जाळी म्हस्कूआबांनी आपल्या पदरची, कुणाच्या तरी बाथरूममधून उरलेली, प्रेमानं बसवली.

मोहनरावांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी ऑफिसातली डंपी आणली. डंपी म्हणजे कालव्याच्या पाण्याची पातळी बघायची तिपाईवरची दुर्बीण. ती मैलभराच्या मोजणीसाठी असते, तीन फुटांवर तिला काही दिसत नाही. म्हणून ती रस्त्यापलीकडं नेऊन मांडली, मोहनराव तिच्यात डोळा घालून आणि म्हस्कूआबा ओट्यावर पट्टी धरून उभे, आणि मधून सायकली, म्हशी आणि एक वरात जात होती. शेवटी आकडे जुळले. दोन बोटं, तंतोतंत. मग म्हस्कूआबांनी वरच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतलं. पाणी कुठंही न रेंगाळता ईशान्येला गेलं, जाळीतून उतरलं आणि पलीकडं तात्या ओरडले, "आलं!" फरशीवर थेंब राहिला नाही. म्हस्कूआबांचे डोळे भरून आले.

"सायेब," ते म्हणाले, "आसं काम आता हुईत न्हाय."

त्या भरात त्यांनी घुमटही बांधून टाकला. पोरगा येऊन बांधणार होता हे त्यांना सांगितलं, पण ऐकतो कोण. "तीन देवळं केल्यात म्या," असं म्हणून चिखल, भुस्सा आणि विटांचा गोल घुमट त्यांनी तीन दिवसांत उभा केला आणि वर चुन्याचा हात दिला. मग आत हळू आच पेटवून तो वाळवायला ठेवला.

अविराज शनिवारी आला. बॅग खांद्यावरच ठेवून तो मागच्या अंगणात गेला आणि उभाच राहिला. भट्टीला एक फेरी मारली. घुमटावरून हात फिरवला. "आप्पा... घुमटपण?"

मोहनराव दुसरीकडं बघत उभे होते, जणू आठवड्याला एखादा घुमट बांधायची सवयच आहे. "वेळ होता जरा."

पोरानं वाकून आत बघितलं. आत निखारे आणि राखेचा थर, तळ काही दिसला नाही. "आप्पा, मला वाटलं नव्हतं," एवढंच तो म्हणाला आणि आत गेला. मोहनरावांची छाती दोन इंच फुगली. जेवताना त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. जहाजाचं पत्र समोर देवळीतच होतं, पण त्या दिवशी त्यांना ते बारकं दिसलं.

रविवारी दुपारी परीक्षा. परवा एक तारीख. सुप्याच्या बाजूची खणखणीत बाभळीची लाकडं, शेळगावच्या मळ्यातले लालबुंद टोमॅटो, डब्यातलं चीज. आमंत्रण कुणाला दिलं नव्हतं, म्हणून सगळी कॉलनी आली. म्हस्कूआबा धुतलेलं मुंडासं बांधून आले होते आणि पोराचा काका असल्यासारखे पुढं बसले होते. रामहरीतात्यांनी सल्ला दिला, की भिगवणला धंदा करायचा तर वर चिलापी माशाचं कालवण टाका, नुसत्या टोमॅटोनं कोण थांबतंय. धोंडाबाई स्वतःच्या अंगणात भिंतीपाशी थांबल्या होत्या. तिथून बघायलाही मिळत होतं आणि वाळत घातलेल्या धुण्यावर लक्षही राहत होतं.

दोन तास जाळ केल्यावर अविराजनं निखारे लोखंडी फावड्यानं नैऋत्येच्या कोपऱ्यात ओढले, ओल्या फडक्यानं तळ झाडला. आत इतकी आच, की डोळा उघडून बघवत नव्हतं. मैद्याची पोळी हातानं थापली, वर टोमॅटोचा पातळ रस्सा, तेल, चिजाचे तुकडे. "मैद्याचं थालीपीठच की," फुलाबाई पुटपुटल्या. लाकडी उलथन्यावर घेऊन पोरानं पिझ्झा आत सरकवला आणि उलथनं मागं ओढलं.

पिझ्झा बसला. आणि मग निघाला.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. आधी रस्सा सुटला, त्याच्या मागं तेल, मग वितळलेलं चीज तारा ओढत, आणि शेवटी पिठी लावलेली ती पोळी, घासून गुळगुळीत केलेल्या विटांवरून, कुठंही न रेंगाळता, ईशान्येकडं चालली. मोहनराव वाकून बघत होते. खरं सांगायचं तर त्या क्षणीसुद्धा त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं, की वेग अगदी बरोबर आहे. दुसऱ्यांदा आलं ते जहाजाचं पत्र.

जाळी आली. पोळी जाळीवर अडकली, बाकी सगळं खाली उतरलं.

"अगं बया!" पलीकडून धोंडाबाईंची किंकाळी आली. "भट्टीतनं रगात येतंय! तात्यांचं धोतार! धोतारावर!"

माणसं भिंतीकडं पळाली. पाइपातून लाल रस्सा आणि चिजाच्या लोंब्या तात्यांच्या धुतलेल्या धोतरावर उतरत होत्या. तात्या ते बघत उभे राहिले आणि ईशान्येबद्दल त्या दिवसापासून एक शब्द बोलले नाहीत.

अविराज भट्टीपाशीच होता. त्यानं गुडघ्यावर बसून आत डोकावलं. "आप्पा," तो म्हणाला, "ही जाळी कसली?"

"निचऱ्याची," म्हस्कूआबा अभिमानानं म्हणाले.

"भट्टीला मोरी केली?"

"सादी न्हाय. पितळंची जाळी हाय."

पोरानं उलथनं खाली ठेवलं, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिथंच मातीत बसला. त्याचे खांदे हलायला लागले.

मोहनरावांनी ते बघितलं आणि त्यांच्यातला कालवा निरीक्षक जो सव्वीस वर्षं ताठ उभा होता तो खाली बसला. सगळी कॉलनी बघत होती. ऑफिसातले दोघं होते. इभ्रत जायची ती पुरती गेलीच होती, तेव्हा आता सांभाळायला काही राहिलं नव्हतं.

"माझी चूक झाली रे," ते म्हणाले. "मला कालव्याशिवाय काही येत नाही. तू सपाट काढून दिलं होतंस, मी आपला उतार काढत बसलो. भट्टी कशाला बांधणार होतो मी? मला काय पिझ्झा कळतो? तू दोन वर्षं समुद्रात गेलास तर मला घरात करमणार नाही, म्हणून बांधली. जाऊ नकोस, अवी."

अविराजनं तोंडावरचे हात काढले. डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसून हसून आलेलं होतं. हसू मात्र तिथंच थांबलं. "काय म्हणालात?"

"काही नाही."

"आप्पा, परत म्हणा."

मोहनरावांनी कॉलनीकडं बघितलं. कॉलनी जवळ सरकली. "जाऊ नकोस म्हटलं," ते म्हणाले. या वेळी तोंडात घास नव्हता, सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं.

"मला वाटत होतं, मी स्वयंपाकी झालो म्हणून तुम्हाला लाज वाटते," पोरगा म्हणाला. "गेलो तर सुटाल, असं वाटायचं."

"वाटली होती लाज," मोहनराव म्हणाले. ते खोटं बोलत नाहीत. "पहिल्या वर्षी. मग तू दिवाळीला करंजी केलीस, तेव्हा गेली."

"मग सांगायचं नाही का!"

"एवढं म्हणायला बत्तीस विटा लागल्या बाई ह्या माणसाला," फुलाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

तोवर म्हस्कूआबांनी जाळीवरची पोळी काढून खाल्ली होती. "भाकर झ्याक झालीया," ते म्हणाले. "कालवण तेवढं वाहून गेलं." मग अविराजनं तळ काढून नवा सपाट करायचा म्हटलं, तर आबांनी हात जोडले. पाहिजे तर विटा काढून देईन, पण बिनढाळाची फरशी माझ्या हातून घडायची नाही, उद्या लोक विचारतील. त्यामुळं भट्टी थंड झाल्यावर मंगळवारी बाप-लेकच कामाला लागले. पोरगा पालथा पडून कमरेपर्यंत आत, बाप बाहेरून वीट पुढं करतोय आणि पाणसळीतला बुडबुडा बघतोय.

"मधोमध आला?"

"आला. अवी, अगदीच सपाट राहतंय रे. नखभर तरी—"

"आप्पा!"

जहाजवाल्यांना पत्र त्याच दिवशी गेलं. येऊ शकत नाही, घरी वडिलांनी राहायला सांगितलं आहे, अशा दोन ओळी होत्या. मोहनरावांनी त्या आधी वाचून घेतल्या, मग विटेचा हात धुतला आणि अर्धी रजा टाकून स्वतः पोस्टात गेले. साधं नको, रजिस्टर करा आणि पोचपावती लावा, म्हणाले. पोचपावती बाराव्या दिवशी आली. खात्याच्या नियमाप्रमाणं ती फाइलला लावायची असते. मोहनरावांनी ती शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि पुढं कितीतरी दिवस, कुणी विचारो न विचारो, ती काढून दाखवत राहिले.